युजेन स्क्रीब आणि फ्रेंच ऑपेराची संहिता : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युजेन स्क्रीब कोण?

एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या रंगभूमीवर ज्याचा शब्द चालत असे तो लेखक. जन्म २४ डिसेंबर १७९१, पॅरिसच्या रू सँ-दनी या बाजारपेठेच्या रस्त्यावर. वडील रेशमाचे व्यापारी. शिक्षण सँत-बार्ब या शाळेत, पुढे वकिलीचा अभ्यास, पण तो नावापुरताच. मृत्यू २० फेब्रुवारी १८६१, पॅरिसमध्येच, घोडागाडीतून जाताना. त्याच्या अठराच दिवस आधी, २ फेब्रुवारीला, संगीतकार ओबेरबरोबरचा त्याचा 'ला सिर्कासिएन' हा ऑपेरा रंगमंचावर आला होता. म्हणजे माणूस शेवटपर्यंत कामात होता.

चारशेहून अधिक संहितांवर त्याचं नाव आहे. मृत्यूनंतर निघालेल्या समग्र आवृत्तीचे ७६ खंड झाले : नाटकांचे ९, वोदविलचे ३३, ऑपेरा आणि बॅलेचे ६, ऑपेरा-कोमिकचे २०, कथा-कादंबऱ्यांचे ८. आज त्यातल्या नाटकांपेक्षा ऑपेराच जास्त उभे राहतात, आणि तेही संगीतकाराच्या नावावर. जाहिरातीत मेयरबेअर मोठ्या अक्षरांत, स्क्रीब खाली बारीक अक्षरांत. त्याच्या हयातीत असं नव्हतं. संगीतकार त्याच्या संहितेसाठी दारात उभे असत.

लिब्रेटो (ऑपेराची संहिता) म्हणजे त्यातल्या गाण्यांचे शब्दच ना?

शब्द हा त्यातला शेवटचा आणि बऱ्याचदा सगळ्यात कमी महत्त्वाचा भाग. लिब्रेटोकार ठरवतो ते असं : गोष्ट किती अंकांत बसेल, पडदा कुठे पडेल, कोणत्या क्षणी एकटा गाईल, कुठे दोघं, कुठे सगळा समूह, नृत्य कुठे येईल, मोठ्या आवाजाच्या गायिकेला दोन कठीण गाण्यांच्या मध्ये विसावा कसा मिळेल आणि नेपथ्य बदलायला सुतारांना किती वेळ लागेल. हा आराखडा चुकला तर उत्तम कवीही ऑपेरा वाचवू शकत नाही. आराखडा बरोबर असेल तर मध्यम कविता खपून जाते. स्क्रीबची कविता मध्यमच होती, हे त्याचे चाहतेही मान्य करतात. त्याची ताकद सुतारकामात होती.

तो या धंद्यात आला कसा?

वोदविलमधून. वोदविल म्हणजे हलकंफुलकं नाटक, त्यात अधूनमधून गाणी, आणि गाण्यांच्या चाली लोकांना आधीच माहीत असलेल्या. छापील प्रतीत प्रत्येक गाण्याच्या डोक्यावर 'अमुक गाण्याची चाल' असं लिहिलेलं असे. किर्लोस्करांच्या काळातली संगीत नाटकं वाचलेल्यांना हे ओळखीचं वाटेल; तिथेही पदाच्या वर 'चाल' दिलेली असते. फ्रेंच लेखकांच्या सोयीसाठी तर १८११ मध्ये 'ला क्ले द्यु कावो' हा चालींचा क्रमांकवार संग्रहच निघाला होता.

स्क्रीबची पहिली काही नाटकं पडली. १८१५ मध्ये देलेस्त्र-प्वारसाँबरोबर लिहिलेलं राष्ट्रीय रक्षकदलावरचं वोदविल चाललं आणि गाडी रुळावर आली. १८२० मध्ये जिम्नाझ नाट्यगृह उघडलं, त्याचा संचालक हाच देलेस्त्र-प्वारसाँ. त्याने स्क्रीबला कराराने बांधून घेतलं. या उमेदवारीत दोन सवयी लागल्या, त्या जन्मभर टिकल्या : तयार चालीवर शब्द बसवणं, आणि प्रेक्षकाला क्षणभरही कंटाळू न देणं.

'ऑपेरा' आणि 'ऑपेरा-कोमिक' यांत फरक काय? कोमिक म्हणजे विनोदी का?

नाही, आणि इथेच सगळ्यात जास्त गफलत होते. पॅरिसमध्ये हे दोन वेगळे परवाने होते, दोन वेगळी नाट्यगृहं होती. सरकारी 'ऑपेरा'त, म्हणजे १८२१ पासून साल ल पेलतिये या वास्तूत, सगळं गाऊनच व्हायला हवं आणि नृत्य हवंच. ऑपेरा-कोमिकमध्ये गाण्यांच्या मध्ये बोललेले संवाद. विषय गंभीरही चालतो.

लेखकाला या दोन घरांसाठी वेगळं मोजमाप लावावं लागे. बोललेल्या संवादात गुंतागुंत पटकन सांगता येते, म्हणून ऑपेरा-कोमिकचं कथानक चिठ्ठ्या, वेषांतरं, वारसाहक्क यांनी भरलेलं चालतं. 'ला दाम ब्लांश' (१० डिसेंबर १८२५, संगीत बोएल्द्यू) याचा नमुना : वॉल्टर स्कॉटच्या कादंबऱ्यांतून उचललेला स्कॉटलंडचा वाडा, त्यातलं भूत आणि वाड्याचा लिलाव. हा लिलाव पूर्ण समूहगायनात होतो, बोली चढत जाते तसं संगीत चढत जातं. १८६२ मध्ये या ऑपेराचा हजारावा प्रयोग झाला.

मोठ्या ऑपेरात मात्र शब्द वाद्यवृंदात बुडतात. तिथे कथानक डोळ्यांना दिसलं पाहिजे.

एका संहितेचं काम कसं चालायचं?

साधारण असा क्रम दिसतो. आधी विषय. तो इतिहासातून, कादंबरीतून, एखाद्या कवितेतूनही येई. मग गद्यात आराखडा, प्रवेशागणिक. सहलेखक लगूवेने आठवणींत लिहिलंय की विषय पटला की स्क्रीब लगेच प्रवेशांना क्रमांक द्यायला बसायचा. कोण कोणत्या क्रमांकाला येतो आणि का जातो, हे आधी. (फ्रेंच नाटकात पात्र आलं किंवा गेलं की नवा 'सेन' सुरू होतो. मराठीतला 'प्रवेश' हा शब्द त्याला इतका चपखल बसतो की भाषांतर करावंच लागत नाही.)

आराखडा संगीतकाराने आणि नाट्यगृहाच्या संचालकाने मान्य केला की करार. त्यात संहिता देण्याच्या तारखा असत, संगीताच्या असत, आणि उशिराचा दंडही. 'ले ह्युगनो' (फ्रेंच प्रोटेस्टंट) या ऑपेराचं संगीत वेळेत दिलं नाही म्हणून मेयरबेअरला ३०,००० फ्रँक भरावे लागले होते.

मग पद्य. ते एकदम पूर्ण होत नसे. संगीतकार लिहीत जाई तसा तो 'इथे चार ओळी कमी करा, इथे आठ अक्षरांऐवजी सहा द्या' म्हणून परत पाठवी. मग परिनिरीक्षण (सेन्सॉर) खात्याकडे प्रत. मग तालमी, आणि तालमीत पुन्हा काटछाट. पहिल्या प्रयोगाला विकली जाणारी छापील पुस्तिका आणि त्या रात्री प्रत्यक्ष गायलेलं यांत म्हणूनच फरक सापडतात. पुस्तिका आधी छापून झालेली असते; तालमीतली कात्री नंतरची.

फ्रेंच पद्यात अक्षरं कशी मोजतात? संगीतकाराला त्याचा काय त्रास?

ऱ्हस्व-दीर्घाचा नव्हे, अक्षरसंख्येचा हिशेब. ओवी-अभंगाची सवय असलेल्या कानाला तो फार परका नाही. 'ला म्युएत द पोर्तिची' (पोर्तिचीची मुकी) या ऑपेरातल्या प्रसिद्ध युगुलगीताच्या चार ओळी घ्या : 'आमूर साक्रे द ला पात्री / राँ-नू लोदास ए ला फिएर्ते / आ माँ पेई ज द्वा ला व्ही / इल म दव्रा सा लिबेर्ते'. प्रत्येक ओळ आठ अक्षरांची. 'पात्री' आणि 'व्ही' यांच्या शेवटी एक मुका 'अ' आहे. बोलताना तो ऐकू येत नाही, मोजणीत धरत नाहीत, पण गाताना त्याला स्वतंत्र स्वर द्यावा लागतो. अशा यमकाला स्त्रीलिंगी म्हणतात; 'फिएर्ते–लिबेर्ते' हे पुल्लिंगी. दोन्ही आलटून पालटून यायलाच हवीत असा नियम.

त्यामुळे होतं काय, की संगीतकाराने दोन सारखे सांगीतिक चरण रचले तरी एकाच्या शेवटी जादा स्वर लागतो. चरणाचा शेवट ठाम हवा असेल तर तिथे पुल्लिंगी यमक यायला हवं, आणि कवीने नेमकं उलटं दिलं असेल तर चिठ्ठी परत. ओळीच्या मध्येही मुका 'अ' व्यंजनाआधी मोजला जातो आणि स्वराआधी गिळला जातो. दुसऱ्या ओळीत 'लोदास ए' मध्ये तो असाच गिळलाय.

जाता जाता : या चार ओळींतली पहिली स्क्रीबची नाही. ती 'मार्सेएझ' या क्रांतिगीताच्या एका कडव्यातून शब्दशः उचललेली आहे. १८२८ च्या राजेशाहीत, सरकारी नाट्यगृहात! प्रेक्षकांनी ती ओळखली नसेल असं समजायचं कारण नाही.

तयार संगीतावर शब्द बसवल्याचं ठळक उदाहरण कोणतं?

रोसिनीचा 'ल कोंत ओरी', २० ऑगस्ट १८२८. फ्रान्सच्या राजाच्या राज्याभिषेकाच्या निमित्ताने १८२५ मध्ये केलेल्या 'इल व्हियाज्जो आ रँस'चं संगीत रोसिनीकडे पडून होतं. प्रसंग सरला की तो ऑपेरा पुन्हा कोण करणार? स्क्रीब आणि देलेस्त्र-प्वारसाँ यांचं १८१६ चं एकांकी वोदविल होतं, 'ओरी' याच नावाचं. त्याचा झाला दुसरा अंक, आणि पहिला अंक नव्याने रचला, जुनं संगीत जिथे बसेल तिथे बसवत. इटालियन शब्दांसाठी केलेल्या चालीत फ्रेंच आघात घुसवायचे म्हणजे वोदविलची सगळी उमेदवारी पणाला लागणार. वाचताना ओळी सपक वाटतात. गाताना जिभेला अडत नाहीत, आणि या कामात तेवढंच मोजायचं असतं.

एवढं सगळं त्याने एकट्याने लिहिलं?

नाही, आणि त्याने तसा दावाही केला नाही. जेर्मँ देलाविन्य, मेल्व्हिल, सँ-जॉर्ज, बायार, लगूवे, देलेस्त्र-प्वारसाँ असे अनेक सहलेखक होते. कोणी विषय आणायचा, कोणी संवाद भरायचा, कोणी पद्य. आराखडा आणि शेवटचा हात बहुतेकदा स्क्रीबचा. त्याला 'कारखाना' म्हणून हिणवलं गेलं. त्याने आपल्या नाटकांची आवृत्ती सहकाऱ्यांनाच अर्पण केली. पुस्तिकेवर नाव घालायचं आणि पैसे वाटून घ्यायचे, ही शिस्त त्याने पाळली. आजच्या मालिकांच्या लेखनगटात इतकं स्वच्छ दरवेळी होतं का, ते ज्याचं त्याने पाहावं.

संगीतकारांत सगळ्यात दीर्घ साथ ओबेरची : १८२३ पासून १८६१ पर्यंत, जवळपास चाळीस कृती. 'फ्रा दियावोलो' (१८३०) आणि 'ल दोमिनो न्वार' (१८३७) त्यातल्याच.

'ला म्युएत'मध्ये नायिका मुकी का? ऑपेरात मुकी नायिका हा वेडेपणा नाही का?

कागदावर वेडेपणाच. पण नीट पाहा. १६४७ मधलं नेपल्सच्या मासानिएल्लो या कोळ्याचं बंड हा विषय. त्याच्या बहिणीवर, फेनेलावर, व्हाइसरॉयच्या मुलाने अन्याय केलाय. ती बोलू शकली असती तर पहिल्या अंकातच दहा मिनिटांत सगळं उघड झालं असतं. ती मुकी असल्यामुळे प्रेक्षकाला गुपित कळतं, पात्रांना हळूहळू. शिवाय ती काय 'म्हणते' हे वाद्यवृंद सांगतो, म्हणजे संगीतकाराला शब्दांशिवाय कथा सांगायची मुभा. आणि नाट्यगृहाकडे नृत्य-मूकाभिनयाची पक्की फौज होतीच. २९ फेब्रुवारी १८२८ ला ही भूमिका लीझ नोब्ले या नर्तकीने केली.

शेवटी व्हेसुव्हियस फुटतो आणि फेनेला त्यात उडी घेते. इतिहासातलं बंड ज्वालामुखीने संपलेलं नाही. पाच अंकांच्या ऑपेराला मात्र शेवटी असं काहीतरी लागतंच.

या ऑपेरामुळे बेल्जियम स्वतंत्र झाला, हे खरं का?

निम्मं. २५ ऑगस्ट १८३० ला ब्रुसेल्सच्या मोने नाट्यगृहात प्रयोग होता, राजा पहिला विल्यम याच्या वाढदिवसाच्या समारंभांच्या निमित्ताने. वर सांगितलेल्या युगुलगीतानंतर प्रेक्षक पेटले, रस्त्यावर दंगा झाला आणि बंडाची सुरुवात त्या रात्रीपासून धरतात. पण डच राजवटीबद्दलची चीड, महागाई, बेकारी आणि महिनाभर आधीची पॅरिसची जुलै क्रांती हे सगळं आधीच साठलेलं होतं. ऑपेरा ही काडी. दारू दुसऱ्यांनी भरली होती. गंमत अशी, की संहितेत बंड फसतं आणि बंडखोर नेता वेडा होऊन मरतो.

आराखडा बदलला की काय बिघडतं?

'रोबेर ल दियाब्ल' पाहा. मुळात हे तीन अंकी ऑपेरा-कोमिक म्हणून ठरलं होतं. नंतर ते मोठ्या ऑपेराकडे गेलं, पाच अंक झाले, बोललेले संवाद गेले. जुन्या आराखड्यात रँबो या गायक शेतकऱ्याला बरंच विनोदी काम होतं. नव्या गंभीर रचनेत त्याला जागा उरली नाही, आणि तो तिसऱ्या अंकानंतर न सांगता गायब होतो. हा शिवणीचा उसवलेला धागा आजही दिसतो. तरी २१ नोव्हेंबर १८३१ च्या पहिल्या प्रयोगानंतर युरोपभर हाच ऑपेरा गाजला. तिसऱ्या अंकात मेलेल्या जोगिणी चांदण्यात थडग्यांतून उठून नाचतात, ते गॅसच्या दिव्यांचं दृश्य इतकं प्रभावी होतं की रँबोची आठवण कोणाला राहणार?

उलट, बदलामुळे सुधारल्याचंही उदाहरण आहे. 'ले ह्युगनो' (२९ फेब्रुवारी १८३६) याचा चौथा अंक खंजिरांना आशीर्वाद देण्याच्या भव्य समूहदृश्यावर संपायचा होता. गायक आदॉल्फ नुरी याने आग्रह धरला की पुढे प्रेमिकांचं युगुलगीत हवं. त्याचे शब्द एमिल देशां याने लिहिले. बाहेर कत्तल सुरू होणार, नायकाला आपल्या लोकांकडे धावायचंय आणि ती त्याला थांबवते : आज जाणकार या ऑपेरातला सर्वोत्तम भाग म्हणून तेच दाखवतात. याच नुरीच्या सांगण्यावरून 'ला ज्विव्ह' (ज्यू स्त्री) या ऑपेराच्या चौथ्या अंकाचा शेवटही समूहाऐवजी एकट्याच्या गाण्यावर आला.

परिनिरीक्षणाचा त्रास होता का?

'ले ह्युगनो'मध्ये १५७२ च्या सेंट बार्थोलोम्यू कत्तलीचा कट राणी कॅथरिन द मेदिची रचते असं होतं. राणीला रंगमंचावर आणायला परवानगी मिळाली नाही. तिचं काम सँ-ब्री या सरदाराकडे गेलं. पॅरिसबाहेर आणखी मजा. म्युनिकमध्ये कॅथलिक-प्रोटेस्टंट झगडा नको म्हणून १८३८ मध्ये हाच ऑपेरा अँग्लिकन आणि प्युरिटन या इंग्लंडमधल्या दोन पंथांतला म्हणून झाला. म्हणजे संगीत तेच, मरणारे वेगळे.

इटालियन ऑपेरांत स्क्रीब लपलेला आहे म्हणतात, तो कुठे?

बऱ्याच ठिकाणी. दोनिझेत्तीचा 'लेलिसिर दामोरे' (१८३२) हा स्क्रीब-ओबेरच्या 'ल फिल्त्र'चा (१८३१) इटालियन अवतार. इटालियन संहिताकार रोमानीने प्रवेशामागून प्रवेश घेतला, नावं बदलली. मात्र 'उना फुर्तिव्हा लाग्रिमा' हे गाणं मूळ फ्रेंचमध्ये नाही. बेल्लिनीचा 'ला सोन्नाम्बुला' स्क्रीबच्या १८२७ च्या बॅलेवरून. व्हर्दीचा 'उन बाल्लो इन मास्केरा' (१८५९) हा ओबेरसाठी लिहिलेल्या 'ग्युस्ताव्ह त्र्वा'वरून (१८३३). राजाचा खून दाखवायचा नाही म्हणून स्वीडनऐवजी बॉस्टन आलं. चिलेआचा 'आद्रियाना लकुव्हरर' (१९०२) स्क्रीब-लगूवेच्या नाटकावरून.

व्हर्दीशी त्याचं बिनसलं ते का?

'ले व्हेप्र सिसिलिएन'वरून. संहिता नवी नव्हती. दोनिझेत्तीने अर्धवट टाकलेल्या 'ल द्युक दाल्ब'चं कथानक फ्लँडर्समधून उचलून १२८२ च्या सिसिलीत नेलं होतं, सहलेखक द्यूव्हेरिए. त्यात ऑक्टोबर १८५४ मध्ये मुख्य गायिका सोफी क्रुव्हेली काही आठवडे न सांगता नाहीशी झाली आणि तालमी थांबल्या. ३ जानेवारी १८५५ ला व्हर्दीने संचालक क्रोनिए याला पत्र लिहिलं : पाचवा अंक सगळ्यांनाच कमकुवत वाटतो, तो दुरुस्त करायची तसदी स्क्रीब घेत नाही, तालमीला फिरकत नाही, त्यापेक्षा करारच मोडा. करार मोडला नाही, १३ जून १८५५ ला प्रयोग झाला.

आमच्या मते तक्रार रास्त होती. जुन्या आराखड्याला नवा देश शिवताना पात्रांची देशभक्ती नीट बसत नाही, आणि एका इटालियन संगीतकाराला ते टोचणारच.

भारत त्याच्या कामात कुठे येतो?

दोन ठिकाणी ठळकपणे. पहिलं 'ल दिय ए ला बायादेर', १३ ऑक्टोबर १८३०, संगीत ओबेर, आधार जर्मन कवी ग्योटेची कविता. अनोळखी पुरुषाच्या रूपात आलेला ब्रह्मदेव गातो. नायिका झोलोए नाचते, आणि ती होती मारी ताल्योनी. इथेही 'म्युएत'चीच युक्ती : गायक आणि नर्तकी यांची जोडी. 'बायादेर' हा शब्द पोर्तुगीज 'बायलादैरा'वरून आला, म्हणजे नाचणारी. गोव्यातल्या पोर्तुगीज दप्तरांत देवळांतल्या कलावंतिणींसाठी हाच शब्द येतो. पॅरिसने खऱ्या देवदासी पाहिल्या त्या नंतर, १८३८ मध्ये, पाँडिचेरीकडून आलेल्या. ताल्योनीच्या पांढऱ्या झग्याशी त्यांचं काही नातं नव्हतं.

दुसरं मेयरबेअरबरोबरचं 'लाफ्रिकेन' (आफ्रिकन स्त्री). याचा इतिहास म्हणजे संहिता किती हाल सोसू शकते याचा धडा. करार १८३७ चा. ज्या गायिका कॉर्नेली फाल्कोंसाठी भूमिका होती तिचा आवाज त्याच वर्षी गेला. काम बाजूला पडलं. १८५० नंतर स्क्रीबने कथा वास्को द गामावर आणली, आणि शेवटचे अंक हिंदू राज्यात नेले. १८६१ मध्ये स्क्रीब गेला, २ मे १८६४ ला मेयरबेअर. उरलेलं फेतिस या संगीतशास्त्रज्ञाने जुळवलं. नाव मात्र पहिल्या कराराचंच ठेवलं, कारण लोकांना तेच माहीत होतं. २८ एप्रिल १८६५ ला जे रंगमंचावर आलं त्यात नायिका 'आफ्रिकन', तिचं बेट आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळचं, आणि राज्यारोहणाची शपथ ब्रह्मा, विष्णू, शिव यांची! ती शेवटी विषारी झाडाखाली बसून मरते, ते मँचिनील, अमेरिकेतलं झाड. २०१३ मध्ये जर्मनीत केम्निट्झला मेयरबेअरची मूळ प्रत 'वास्को द गामा' या नावाने उभी राहिली, तेव्हा यातला बराच गुंता सुटला.

आपल्याकडचा वाचक हसतो, आणि हसावं. पण वास्को मोठा की नायिका सेलिका, हा प्रश्न संहितेने सोडवलेला आहे : वास्को जहाजावर चढून निघून जातो आणि शेवटचा पूर्ण अंक तिचा राहतो.

पैसे खरंच इतके मिळाले?

हो, आणि ते अपघाताने नव्हे. ठोक रक्कम घेऊन संहिता विकण्यापेक्षा प्रत्येक प्रयोगामागे वाटा, ही पद्धत त्याने लावून धरली. १८२९ मध्ये नाटककार-संगीतकारांची संघटना उभी राहिली, तिच्या संस्थापकांत तो होता. एखाद्या नाट्यगृहाने दर नाकारला की सगळ्या सभासदांची नाटकं तिथून काढून घ्यायची, हे तिचं हत्यार. ऑपेरात मानधन लेखक आणि संगीतकार यांच्यात निम्मं-निम्मं. सहलेखक असेल तर लेखकाच्या निम्म्यातून.

सेरिकूरला त्याने जमीनजुमला घेतला आणि दारावर दोन ओळी कोरल्या, आशय असा : हे निवांत घर नाटकाने दिलं, वाटसरू, धन्यवाद, कदाचित ते मी तुमचंच देणं लागतो.

'पिएस बिएँ फेत' म्हणजे काय? ऑपेराशी त्याचा संबंध?

घट्ट बांधलेलं नाटक. गुपित प्रेक्षकाला ठाऊक, पात्रांना नाही. एखादी चिठ्ठी किंवा वस्तू हातोहात फिरते. प्रत्येक अंक पारडं फिरवून संपतो. आणि ज्या समोरासमोरच्या प्रसंगाची सगळे वाट पाहत असतात तो टाळायचा नाही. 'ला ज्विव्ह' (२३ फेब्रुवारी १८३५, संगीत आलेव्ही) यावर उभा आहे. १४१४ चं कॉन्स्टन्स शहर; ज्यू सोनार एलेआझार याची मुलगी राशेल खरी त्याची नाही, ती कार्डिनल ब्रोनीची हरवलेली मुलगी. कार्डिनल तिला मृत्युदंड देतो, विचारतो 'माझी मुलगी कुठे?', आणि ती उकळत्या कढईत पडते त्या क्षणी एलेआझार बोट दाखवतो. शेवटचं वाक्य काढलं तर पाचही अंक कोसळतात.

हेन्रिक इब्सेनने बर्गेनच्या नाट्यगृहात तरुणपणी स्क्रीबची २१ नाटकं बसवली होती. इब्सेनच्या नाटकातली चिठ्ठी आणि उशिरा फुटणारं गुपित कुठून आलं ते यावरून कळतं. आणि इब्सेनच्या वळणाने गेलेलं मराठी नाटक वाचताना ही दूरची खापरपणजोबाची ओळख ध्यानात ठेवायला हरकत नाही.

त्याच्या संहिता फसल्या का कधी?

'ला नॉन साँग्लांत' (रक्ताळलेली जोगीण) ही संहिता १८४१ मध्ये संगीतकार बेर्लिओझकडे होती. त्याने काही भाग रचून सोडून दिली. अखेर गुनोने केली, १८ ऑक्टोबर १८५४, आणि ११ प्रयोगांनंतर ती काढली गेली. दोष आराखड्यातच होता : भुताशी चुकून लग्न ठरतं हे पहिल्या दोन अंकांतच घडून जातं, पुढचे तीन अंक ते निस्तरण्यात.

आज सुरुवात कुठून करावी?

'ल कोंत ओरी'पासून. दोन अंक, अडीच तासांच्या आत. मग 'फ्रा दियावोलो'. 'ले ह्युगनो' थेट घेऊ नका, त्याला चार तास लागतात आणि पहिला अंक जवळजवळ सगळा पुरुषांच्या मेजवानीचा आहे. घ्यायचाच तर चौथा अंक आधी.

संहिता वाचायची असेल तर फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या 'गालिका' या संकेतस्थळावर जुन्या पुस्तिका फुकट आहेत. मुखपृष्ठावर 'पारोल द' म्हणजे शब्द कोणाचे आणि 'म्युझिक द' म्हणजे संगीत कोणाचं, हे दोन उल्लेख आणि पहिल्या प्रयोगाची तारीख पाहा. ऑपेरा-कोमिक ऐकताना ध्वनिमुद्रणात संवाद ठेवलेत की कापलेत, हे आधी तपासा. कापले असतील तर पुस्तिका शेजारी उघडी ठेवा, नाहीतर 'ला दाम ब्लांश'मधला वाडा लिलावात का निघाला हेच कळणार नाही.